एक प्रार्थना, एक भाकर

देगलूर,
७ ऑक्टोबर २०२५

केसरअक्कास,
सप्रेम जयभीम.

काल फोनवर तू मला "गप बैस मास्तर" म्हणालीस आणि फोन आपटलास. मी पस्तीस वर्षे शाळेत शिकवले, मला असे कोणी गप केले नाही. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच आपटता येत नाही.

माझी नात निशिगंधा दसऱ्याच्या सुट्टीत घरी आली होती. दोन वर्षांपूर्वी पोरीला फार्मसी शिकायला हैदराबादला पाठवले, ते केवळ तू त्या अंबरपेठच्या ख्रिस्ती हॉस्टेलात स्वयंपाकाला आहेस म्हणून. आत्याआजीची नजर राहील, हा भरवसा. तर परवा जेवताना ती हसत हसत म्हणाली, "आजोबा, आत्याआजी तव्यापुढे उभी राहून येशूची प्रार्थना म्हणते. एकटीच असते तेव्हा. तेलुगूत. अख्खी पाठ आहे तिला." तिला गंमत वाटली. मी ताट बाजूला सरकवले.

अक्का, हे खरे आहे का? मी इथल्या विहाराचा चिटणीस. वीस वर्षे लोकांना बावीस प्रतिज्ञा समजावून सांगतो. आणि माझी सख्खी बहीण तिकडे आकाशातल्या बापाला हाका मारते? ख्रिस्ती मंडळींशी माझे वैर नाही. त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, मान्य. पण एक घर सोडले ते दुसऱ्याच्या ओसरीवर बसण्यासाठी नाही. तुझ्यावर कोणाचा दबाव आहे का? बाप्तिस्मा घेतलास का? एका शब्दात उत्तर दे, हो की नाही.

तुझा भाऊ,
दौलत


अंबरपेठ,
१४ ऑक्टोबर २०२५

दौलतबाबा,

जयभीम. हौ, अजून जयभीमच. आणि आज चौदा ऑक्टोबर, धम्मदीक्षेचा दिवस, ते मलापण माहीत आहे, सकाळी बुद्धांपुढे मेणबत्ती लावूनच कामाला लागले.

तुझं एका शब्दातलं उत्तर, नाही. आता बाकीचे शब्द ऐक. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही तुझी लहानपणापासूनची खोड. पोरीला एकदा तरी विचारलंस का, की अगं, आत्याआजी प्रार्थना म्हणताना करत काय असते?

भाकर करत असते.

बावीस वर्षं झाली मला या स्वयंपाकघरात. हॉल आणि माझ्यामध्ये एक लाकडी खिडकी. तिकडे संध्याकाळची घंटा झाली की साठ पोरी बाकांमागं उभ्या राहतात आणि प्रार्थना म्हणतात. तोवर खिडकी बंद. मला त्या दिसत नाहीत, नुसत्या ऐकू येतात. आमेन झालं की मी कडी काढते आणि ताटं द्यायला लागते. शेवटच्या भाकरी मी प्रार्थना चालू असतानाच तव्यावर टाकते, गरम जाव्यात म्हणून. तर मला काय कळलं माहीत आहे? "स्वर्गातल्या बापा" म्हणताना भाकर टाकायची आणि वरून पाणी फिरवायचं. "तुझ्या मनासारखं होवो" येईपर्यंत पाणी सुकतं. "रोजची भाकर" आली की उलटायची. मग पापांची माफी, तेव्हा तवा सरकवून जाळावर धरायची. आमेनला टम्म फुगते. एक प्रार्थना, एक भाकर. ना कच्ची ना करपलेली. घड्याळ कशाला पाहिजे? आता तोंडाला सवय लागली. एकटी असले तरी म्हणते. म्हटली नाही तर भाकर करपते, करून बघितलंय.

इथवर वाचून तुझा जीव शांत झाला असेल. पण मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. एवढंच असतं तर मी फोन आपटला नसता.

पहिली पाच वर्षं मला त्या प्रार्थनेतलं अक्षर कळत नव्हतं. माझ्यासोबत एस्तेरम्मा आहे, भाजी चिरते, पीठ मळते, पक्की चर्चवाली. एकदा तिला विचारलं, अगं, मधे ते "मा अनुदिनाहारमु नेडु माकु दयचेयुमु" म्हणता ते काय? ती म्हणाली, आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. मी म्हटलं, कोणाला म्हणता? म्हणाली, देवाला. मी म्हटलं, अगं बाई, भाकर तर मी देते! ती इतकी हसली की परातीतलं पीठ तिच्या तोंडावर उडालं.

पण बाबा, त्या दिवसापासून ती ओळ माझी झाली. साठ पोरी रोज भिंतीपलीकडून मागतात आणि मी रोज देते. एक दिवस चुकलं नाही. अंगात ताप होता तेव्हा नाही, करोनात पंधरा पोरी इथंच अडकल्या तेव्हाही नाही. त्यांना वाटतं वरचा ऐकतो. ऐकत असेल, माझं काय जातं. पण खालची मी ऐकते हे नक्की. देव आहे की नाही ते तू आणि पास्टर मिळून ठरवा, मला वेळ नाही, उद्याची ज्वारी निवडायची आहे.

तुझी अक्का,
केसर


देगलूर,
२१ ऑक्टोबर २०२५

अक्का,
जयभीम.

तुझे पत्र वाचून अर्धा जीव भांड्यात पडला. अर्धाच.

बाप्तिस्मा नाही, हे कळले. सवय, हेही समजले. पण अक्का, तू विसरलीस का आपण कोण? गावात आपल्या आईच्या डोक्यावर टोपली होती. दारोदार जाऊन उरलेली भाकर मागायची, हा आपला "हक्क" म्हणे! मग एक दिवस तिने ती टोपली चुलीत घातली. गावाने चक्की बंद केली, विहीर बंद केली, पण ती पुन्हा कोणाच्या दारात गेली नाही. ही गोष्ट मी दर वर्षी विहारात सांगतो. आपण भाकर मागणे सोडले, अक्का. आपले सगळे त्यावर उभे आहे. मी शिकलो, माझा मुलगा शिकला, निशिगंधा औषधशास्त्र शिकते आहे, ते त्या जळलेल्या टोपलीमुळे. आणि तू रोज "भाकर दे, भाकर दे" म्हणतेस! देणारी तू असशील, पण तोंडातून शब्द मागण्याचाच निघतो ना? आईने ऐकले असते तर तिला काय वाटले असते?

तुझे वय झाले, तुला मी काय सांगणार. पण पोरीवर परिणाम व्हायला नको. मी काल निशिगंधाला फोन करून माझ्या गळ्याची शपथ घातली आहे. प्रार्थनेला उभे राहण्याचा नियम असेल तर उभी राहा, पण हात जोडायचे नाहीत आणि तोंड उघडायचे नाही. पोर गुणी आहे. लगेच "हो आजोबा" म्हणाली.

दौलत


अंबरपेठ,
९ नोव्हेंबर २०२५

दौलत,

उत्तराला उशीर झाला. इथं जरा गडबड झाली. सांगते, पण मधे मधे उठून बसू नकोस, पूर्ण वाच.

ऑगस्टपासून आमच्याकडे नव्या वॉर्डन आल्यात, सुहासिनी मॅडम. बाई वाईट नाही, कडक आहे. पोरी प्रार्थनेत मोबाईल बघायच्या, खिदळायच्या, ते तिला सहन होईना. दिवाळीनंतर तिनं नोटीस लावली, जी मुलगी हात जोडून प्रार्थनेत भाग घेणार नाही तिला त्या वेळचं जेवण मिळणार नाही. झालं, मोबाईल गेले, हात जोडले गेले. सगळ्यांचे. एका पोरीचे सोडून.

मला खिडकीतून काय दिसणार? मला कळलं ताटावरून. साठ ताटं मी लावते. तीन दिवस संध्याकाळचं एक ताट कोरडं परत आलं. एस्तेरम्मा प्रार्थनेला हॉलमध्ये उभी असते, तिला विचारलं तर ती पदरात तोंड घालून रडायलाच लागली. म्हणाली, अक्का, ती पोरगी सरळ उभी राहते, हात खाली सोडून. मॅडम तिचं ताट उचलतात. मला म्हणाल्या, केसरम्माला बोलायचं नाही. एस्तेरम्मा म्हणाली, मी रोज प्रार्थना म्हणते आणि मला रोज ती पोरगी दिसते, मला घास जात नाही.

चौथ्या दिवशी घंटा झाली. प्रार्थना सुरू झाली. मी भाकर टाकली, पाणी फिरवलं. तोवर माझं डोकं थंड होतं, तुझी शपथ. ती ओळ आली आणि मी भाकर उलटायची सोडून खिडकीची कडी काढली. आमेनच्या आधी. बावीस वर्षांत पहिल्यांदा. आवाज थांबला. साठ तोंडं माझ्याकडं. मी ताट भरलं, दारातून फिरून हॉलमध्ये गेले आणि त्या पोरीपुढं ठेवलं. म्हटलं, बस. खा.

मॅडम धावत आल्या. "केसरम्मा, ये क्या है?" मी म्हटलं, "मॅडम, तुम लोगां रोज क्या मांगते? 'हमको' दे बोलते. इस 'हमको' में ये बच्ची नै है क्या? बावीस साल से कान देके सुनरी मैं. हात जोडे सो बच्चियांकू दे, ऐसा एक दिन नै सुनी. 'आज' दे बोलते. सुधरे बाद दे, नै बोलते."

 मॅडमचा चेहरा लाल. म्हणाल्या, माझी प्रार्थना मला शिकवू नका. मी म्हटलं, नै शिकवत, पण रोज ऐकते तर विचारणारच. तेवढ्यात आतून करपल्याचा वास आला. भाकर जळून कोळसा.

आता हिशेब असा की २८ तारखेला हॉस्टेलची समिती बसणार. मला एक कागद दिलाय. त्यात माफी, आणि खाली असं की यापुढं वॉर्डन सांगतील त्यालाच ताट देईन. सही केली तर राहा, नाही तर काम आणि इथली खोली दोन्ही सोड. आणि नियम तसाच राहिला तर ती पोरगीही हॉस्टेलातून जाईल, परीक्षा दहा डिसेंबरला आहे. तोवर ती हॉलमध्ये जात नाही, माझ्या खोलीत जेवते.

तू आईची गोष्ट लिहिलीस. दर वर्षी विहारात सांगतोस. टोपली जाळल्याची सांगतोस, ती का जाळली ते तुला माहीत नाही. तू तीन वर्षांचा होतास, घरी होतास. मी सहा वर्षांची, आईसोबत होते. एका दारात बाई म्हणाली, आधी हात जोड, मग भाकर. आई हात जोडणार कशी? डोक्यावर टोपली, कडेला मी, माझ्या पायाला फोड झाला होता. तिनं मला खाली ठेवलं. टोपली खाली ठेवली. हात जोडले. मग वरून भाकर पडली, अर्धी टोपलीत, अर्धी मातीत. आई मातीतली उचलायला वाकली नाही. मी वाकले. तिनं माझ्या हातावर चापट मारली आणि सगळी टोपली तिथंच उपडी केली. घरी येऊन जाळली. त्या दिवशी आपण चौघं उपाशी झोपलो.

तर आईला काय वाटलं असतं ते तू मला विचारू नकोस. मी तिथं होते.

केसर


देगलूर,
१६ नोव्हेंबर २०२५

अक्का,
जयभीम.

आईचे ते मला माहीत नव्हते. तू साठ वर्षे कधी बोलली नाहीस. दोन दिवस मी विहारात गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो, पण बोलायला उभा राहिलो नाही, मागे सतरंजीवर बसलो. लोक विचारत होते, गुरुजी, तब्येत बरी नाही का?

पण तू लिहिलेल्या त्या पोरीने माझी मान ताठ केली. वाघीण आहे ती! कोणाची असेल ती असो, तिच्या आईबापांनी तिला चांगले घडवले आहे. तीन दिवस उपाशी राहिली, पण हात जोडले नाहीत. याला म्हणतात स्वाभिमान. मी निशिगंधाला फोन करून विचारले, तुझ्यावर तर अशी वेळ आली नाही ना? म्हणाली, "मी मागे उभी असते आजोबा, कोणाचं लक्ष जात नाही, जेवण वेळेवर असतं." बरे वाटले. पण तुला म्हणून खरे सांगतो, थोडे वाईटही वाटले. आपली पोर मागे लपून उभी राहते आणि दुसऱ्याची लेक पुढे उभी राहून सोसते.

त्या मुलीचे नाव आणि गाव कळव. २६ नोव्हेंबरला संविधान दिनाचा कार्यक्रम आहे. तिला बोलावून संविधानाची प्रत आणि पुष्पगुच्छ देऊन सत्कार करावा असे मी काल बैठकीत मांडले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तू सही करू नकोस. तू केलेस ते योग्यच केलेस. फक्त तेवढ्यासाठी त्यांच्या प्रार्थनेचा आधार घ्यायची गरज नव्हती. सरळ राज्यघटनेचे कलम सांगायचे.

दौलत


अंबरपेठ,
२० नोव्हेंबर २०२५

दौलत,

नाव कळवते. निशिगंधा. गाव देगलूर. आजोबांचं नाव दौलत मास्तर.

बसलास का खाली? बस.

ती मागे उभी नसते. पहिल्याच बाकाला, अगदी पुढे, सगळ्यांना दिसेल अशी उभी असते, कारण तिच्या आजोबानं गळ्याची शपथ घातली होती. तीन दिवस संध्याकाळी ती पाणी पिऊन झोपली. सकाळी कॉलेजात प्रयोगशाळेत चक्कर आली, मैत्रिणीनं बिस्किटं दिली. मी तिला विचारलं, अगं, मी दहा पावलांवर होते, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, "तुम्ही चिडल्या असत्या, तुमचं काम गेलं असतं. आजोबांना सांगितलं असतं तर त्यांनी मला घरी नेलं असतं." एकोणीस वर्षांची पोर तुला आणि मला दोघांना सांभाळत होती रे. आणि तू म्हणतोस मागं लपली.

मागच्या पत्रात मी नाव लिहिलं नाही, ते तिनं हात धरून सांगितलं म्हणून. आता लिहिते, कारण तुझा पुष्पगुच्छ वाचून माझ्या अंगाची आग झाली. उपासाचं कौतुक कोण करतो? ज्याचं पोट भरलंय तो. टाळ्या वाजवणारे सगळे जेवून आले होते ना?

मॅडम म्हणते, हात जोड, नाहीतर उपाशी राहा. तू म्हणतोस, उपाशी राहा, पण हात जोडू नकोस. मास्तर, तू हुशार, मला जरा समजावून सांग, पोरीच्या ताटात तुम्ही दोघांनी काय वाढलं? तिचे हात तिचे आहेत का तुमचे? बावीस प्रतिज्ञांत सगळ्या प्राणिमात्रांवर दया कर असं आहे, मी पण वाचल्यात. दुसऱ्याच्या पोटावर शपथ घाल, असं मला तरी कुठं सापडलं नाही. आणि राज्यघटनेचं कलम मला पाठ नाही, ती ओळ पाठ होती. माणूस भांडताना हाताला येईल तेच उचलतो. मी ती ओळ उचलली आणि ती खरी निघाली. हमको दे. सगळ्यांना. तुला तिचा राग असेल तर असू दे, मी ती सोडणार नाही. बावीस वर्षं मी तिच्यावर भाकरी भाजल्यात, ती जेवढी पास्टरची तेवढी माझी.

आता दोन गोष्टी ऐक. तिला न्यायला येऊ नकोस. आलास तर दारातून परत पाठवीन, पाहुणा म्हणून पाणीसुद्धा देणार नाही. ती इथं राहील, इथं जेवेल आणि परीक्षा देईल. दुसरं, तुझी शपथ मागे घे. आजच. फोन करून.

कागदावर मी सही करणार नाही. काढलं तर काढलं. पासष्ट वर्षांच्या बाईला अजून किती घाबरवणार?

केसर


देगलूर,
२४ नोव्हेंबर २०२५

अक्का,

दोनदा उत्तर लिहिले आणि दोनदा फाडले. पहिल्यात मी माझी बाजू मांडली होती. दुसऱ्यातही.

शपथ मागे घेतली. फोन लावला तेव्हा ती वाचत बसली होती. मी म्हणालो, बाळा, तुझ्यावर मी जे घातले होते ते काढून घेतो. तिने पुस्तक मिटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आजोबा, तुम्ही जेवलात का?"  तिच्या आजीने माझ्या हातातून फोन घेतला.

चुकलो, अक्का. हा शब्द मी पस्तीस वर्षे मुलांच्या वह्यांत लाल शाईने लिहिला, स्वतःसाठी लिहिताना हात जड झाला. सत्काराचा विषय बंद केला. लोकांना कारण सांगितले नाही. पुढे सांगेन, पण तेवढे बळ अजून आलेले नाही.

मी येत नाही. तू बोलावशील तेव्हाच येईन. समितीला विहाराच्या लेटरहेडवर पत्र पाठवू का? आणि तुला काढलेच तर हे घर तुझे आहे, हे सांगायला लागू नये, तरी सांगतो.

एकच विचारतो, रागावू नकोस. माणूस आहे, मनात येते. आता शपथ सुटली आहे, तर ती हात जोडते का?

दौलत


अंबरपेठ,
३० नोव्हेंबर २०२५

दौलतबाबा,

लेटरहेड पाठवू नकोस, जपून ठेव. आधीच इथं कागद फार झालेत.

समिती शुक्रवारी चारला बसली. पाच जण. चहाबरोबर समोसे बाहेरून मागवले होते, बघ, माझ्या हातचं खायला त्या दिवशी कोणाची छाती झाली नाही. पास्टर म्हातारे आहेत, हळू बोलतात. मला विचारलं, केसरम्मा, तुम्ही कोण? मी म्हटलं, बौद्ध. म्हणाले, मग आमची प्रार्थना मधेच का तोडलीत? मी म्हटलं, तोडली नाही, पुरी केली. तुम्ही मागितलं, मी दिलं.

 मग तो कागद माझ्यापुढं सरकवला. मी सांगितलं, मॅडमना साठ पोरींसमोर बोलले, तिच्या जागी मी असते तर मलाही लागलं असतं. त्याचं मला वाईट वाटतं. हे मी सगळ्यांसमोर सांगते, पोरींसमोरही सांगेन. पण वॉर्डन म्हणेल त्यालाच ताट, यावर माझी सही होणार नाही. माझ्या हातून भुकेल्याचं ताट अडणार नाही, मग तो हात जोडो, पाय आपटो की मला शिव्या देवो. कागद मी उलटा करून ठेवला. मॅडम म्हणाल्या, मग शिस्त कशी राहायची?  मी म्हटलं, शिस्तीचं तुम्ही बघा, ते तुमचं शिक्षण. उपाशी पोर प्रार्थनेत लक्ष देत नाही, तव्याकडं देते, एवढंच मला माहीत.

या लोकांत बैठक प्रार्थनेनं संपवायची रीत आहे. सगळे उठले. मीही उठले. मला बाहेर जा म्हणायला त्यांना सुचलं नाही आणि मी गेले नाही. हात खाली सोडले आणि त्यांच्याबरोबर म्हणायला लागले, मोठ्यानं, तेलुगूत, अडखळले नाही. रोजच्या भाकरीची ओळ आली आणि पास्टर थांबले, त्यांच्याबरोबर बाकीचेही. खोकला आला म्हण, काय म्हणायचं ते म्हण. मी थांबले नाही. ती ओळ त्या खोलीत मी एकटीनं म्हटली. मग पुढच्या ओळीपासून पास्टर आले आणि शेवटपर्यंत सगळे म्हणाले, मॅडमसुद्धा.

बसल्यावर पास्टर मॅडमना म्हणाले, ती नोटीस आजच काढा. माझ्याबद्दल एक शब्द नाही. ठेवलं का काढलं, सगळे एकमेकांकडं बघत बसले. सहा वाजत आले होते. मी विचारलं, आज भाकरी कोण करणार?  मी उठले, हात धुतले आणि पीठ काढलं. एस्तेरम्मानं तवा आधीच ठेवला होता.

त्याला आता दोन दिवस झाले. मला अजून कोणी काही सांगितलेलं नाही आणि मी विचारायला जाणार नाही. मॅडम माझ्याशी बोलत नाहीत. नाही बोलल्या तरी चालेल, जेवतात. पुढं काय व्हायचं ते होईल. काढायला आले तर तव्यापुढून उठवायला लागेल मला, आणि मी काही हलकी नाही. तुझं घर आहे, हे वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मी येत नाही. मला इथं काम आहे.

तुझा प्रश्न राहिला. निशिगंधा हात जोडते का? मला माहीत आहे, काल खिडकीची फट करून मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पण तुला सांगणार नाही. तू तिला फोनवर विचारायचं नाहीस, तिच्या आजीकडून काढून घ्यायचं नाहीस, सुट्टीत घरी आली की आडून आडून बोलायचं नाहीस.

काल ती हॉलमध्ये जेवली. दोन भाकरी खाल्ल्या, वर अर्धी मागितली.

तुझी,
केसरअक्का